डाव्या अंगाला झुकलेली गाडी

जुनी गाडी बघायला जायचं तर सकाळी जावं, इंजिन थंड असताना. शिवराम हे ज्याला त्याला सांगायचा. कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. दुपारी गेलं की मालकाने आधीच एक चक्कर मारून गाडी गरम करून ठेवलेली असते, आणि गरम इंजिन काय, कुणाचंही चालू होतं. पाहुणे येणार म्हटल्यावर घर कुणाचंही आवरलेलं असतंच की.

म्हणून त्या रविवारी, डिसेंबरच्या थंडीत, तो उजाडताच कोलशेतहून निघाला. डोंबिवलीला उतरून मानपाड्याच्या त्या बैठ्या चाळीपाशी पोचला तेव्हा चाळीतले स्टोव्ह नुकते फुरफुरायला लागले होते. गोष्ट शहाऐंशी सालची आहे. तेव्हा मानपाड्याला कारखान्यांच्या चिमण्या होत्या, आणि चिमण्यांच्या मधेमधे अजून भाताची खाचरंही होती. धुकं आणि कारखान्याचा आंबूस वास एकमेकांत मिसळून खाली बसलेला असायचा. त्या धुक्यात चाळीच्या टोकाला एक करड्या रंगाची फियाट उभी होती.

शिवराम वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होता. दिवसभर पुढ्यात माल यायचा. तो मापायचा आणि मनाला पटला नाही की त्यावर लाल खडूने फुली मारायची. नोकरीतली सवय हाडात मुरते. भाजीवालीच्या वांग्यांवर, मेहुण्याला सांगून आलेल्या स्थळांवर, सगळीकडे त्याची फुली ठरलेली. गेल्या तीन महिन्यांत त्याने ठाण्यापासून कल्याणपर्यंत इतक्या गाड्यांवर फुली मारली होती की मित्रांनी त्याच्याबरोबर जायचं सोडून दिलं होतं.

पण त्याला हसायचं काम नाही. गाडी त्याला मिरवायला नको होती. दोन वर्षांमागे, गणपती विसर्जनाच्या दिवशी, त्याच्या बायकोला, शालनला, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. कोलशेत म्हणजे खाडीच्या कडेचं गाव, ठाण्याच्या एका कोपऱ्यात. रस्ते मिरवणुकांनी भरलेले, रिक्षा एक मिळेना. मिळाली ती कापूरबावडीला बंद पडली. शिवराम वेड्यासारखा रस्त्यावर हात करत राहिला आणि लोक गुलाल उधळत पुढे जात राहिले. मुलगा झाला तो रस्त्यातच, आणि रडला नाही. शालन त्यानंतर त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. ते न बोलणं शिवरामला आतून खात होतं.

आता तिला पुन्हा दिवस गेले होते. शिमग्याच्या सुमारास बाळंतपण. त्याआधी दारात गाडी हवी होती, आणि तीही अशी, की किल्ली फिरवली की चालू झालीच पाहिजे. दिसायला कशी का असेना.

गाडीच्या मालकीणबाई, रखमाबाई, दारातल्या ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, देशावरच्या, कपाळ मोकळं. किल्ली त्यांनी ओट्यावरूनच पुढे केली. खाली काही उतरल्या नाहीत.

"बघा तुम्ही. श्रावणात आमचे मालक गेले, त्यानंतर कुणी हात लावला नाही तिला."

शिवरामने आधी बॉनेटवर तळहात ठेवला. बर्फासारखं गार. मग बोटाच्या पेराने पत्रा वाजवत गाडीभोवती फिरला. पुट्टी भरलेली असली की आवाज बद्द येतो. इथे सगळीकडे खणखणीत. खिशातलं लोहचुंबक दरवाज्यांना लावून बघितलं, ते जिथे लावावं तिथे चिकटत होतं. पायाखालची मॅटिंग उचलली, गंज नाही. ऑइलची पट्टी काढून ऑइल बोटांत चोळलं, रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तवंग आहे का ते पाहिलं. काही म्हणजे काही सापडेना. माणसाला आनंद व्हावा, पण शिवराम हिरमुसला. खडू हातात आणि फुलीला जागा नाही!

"अपघात वगैरे?"

"नाही हो. खरचटलीसुद्धा नाही कधी."

"रस्त्यात कधी दगा दिलाय? बंद पडलीय?"

बाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"गाडीनं काही कमी केलं नाही," त्या म्हणाल्या. "गाडीला बोल नाही लावायची मी."

आत बसल्यावर शिवरामला पहिल्यांदा वास आला. बंद गाडीचा कुबट वास तो ओळखत होता, पेट्रोलचाही. हा तसा नव्हता. कापूर घातलेल्या खोबरेलाचा वास होता, छाती भरल्यावर चोळतात तसल्या. चार महिने बंद असलेल्या गाडीत तो इतका ताजा होता की त्याला वाटलं, बाटली इथेच कुठेतरी सांडली असेल.

बॅटरी उतरलेली असणार हे धरून त्याने किल्ली फिरवली. आणि गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली. ना चोक, ना खोकला. श्रावणापासून उभी असलेली गाडी, डिसेंबरच्या सकाळी!

खरी फुली मारायची जागा हीच होती. पण माणूस जे शोधत असतो ते समोर आलं की त्याचे डोळे मिटतात. शिवरामने मनाशी म्हटलं, शेजारचा कुणी अधूनमधून चालू करून ठेवत असेल. शेजारचा रतन तिथेच दात घासत उभा होता. तो तोंडातला फेस थुंकून म्हणाला, "आपण नाही बुवा. आपण त्या दिवसानंतर बसलेलोच नाही त्या गाडीत." शिवरामने ते ऐकलं आणि ऐकलं नाही.

शीळच्या रस्त्यावर चक्कर मारून आला. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग सैल सोडून ब्रेक दाबला तरी गाडी सरळ थांबली. परत आल्यावर तो सवयीने गाडीसमोर उकिडवा बसला आणि एक डोळा मिटून बंपर चाळीच्या ओट्याशी ताडून पाहिला. गाडी डावीकडे झुकलेली होती. उजव्या चाकावर वीतभर जागा, डाव्या चाकावर दोन बोटं कमी. गाडीत कुणी नव्हतं, तरी डाव्या सीटवर कुणी बसावं तशी ती दबलेली.

"पुढची स्प्रिंग बसलीय," तो खुशीत म्हणाला. एवढा एक दोष सापडला, जिवाला बरं वाटलं.

"ती बसतेच तशी," रखमाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

गाडी कोलशेतला आली तेव्हा आवडाबाईने, शिवरामच्या आईने, चाकांखाली लिंबं ठेवली, झेंडूचा हार घातला. शालन पोटावर हात ठेवून दारात उभी होती. कितीतरी महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर शिवरामला हसू दिसलं. त्याला वाटलं, गाडीचे पैसे इथेच वसूल झाले.

त्याचा बाप, दामाजी, मात्र ओट्यावरून हलला नाही. म्हातारा जन्मभर खाडीत होडी मारलेला कोळी. कारखान्यांच्या पाण्याने खाडीतलं म्हावरं गेलं तेव्हा त्याने होडी विकली आणि तेव्हापासून तो ओट्यावरच बसलेला असे.

"उतरवून घेतलीस का रं?" त्याने विचारलं.

"बा, गाडी आहे ती. होडी नाय."

"जुनी हाय ना? मंग झाला."

दामाजीच्या घराण्यातली ही रीत शिवरामला लहानपणापासून ठाऊक होती. जुनी होडी घेताना तिची फळी ठोकून बघत, पाणी धरते का बघत, आणि सगळं झालं की भरतीच्या वेळी तिची उतरवणी करत. विकणारा पाण्याकडे तोंड करून उभा राहायचा आणि त्या होडीवर ज्यांनी ज्यांनी वल्हं मारलं त्या सगळ्यांना नाव घेऊन सांगायचा, उतर. जिवंत असतील त्यांना, आणि गेले असतील त्यांनाही. गेलेल्यांसाठी पाण्यात नारळ सोडायचा. दामाजीने स्वतःची होडी विकली तेव्हा शेवटची हाक खाडीत बुडालेल्या धाकट्या भावाला मारली होती. "नाथा, उतर रं बाबा," म्हणताना त्याचा आवाज फुटला होता. शिवरामने ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

"नुसता उतर म्हणून नाय भागत," म्हातारा आता सांगत होता. "नाव घ्यायचा. तोंड पाण्याकडं. नावानं हाक मारली तं तो पाण्याला जातो. बिननावाची हाक पडली, तं ज्यानं हाक मारली त्याच्या मागं चालत घरात येतो."

"बरं बरं, करू," शिवराम म्हणाला. इन्स्पेक्शनच्या माणसाला मापात न येणाऱ्या गोष्टींशी काय देणंघेणं!

दुसऱ्याच आठवड्यात त्याने वागळे इस्टेटच्या गॅरेजमध्ये पुढच्या दोन्ही स्प्रिंगा नव्या टाकल्या. घरी येऊन अंगणात उकिडवा बसला, एक डोळा मिटला. डावीकडे दोन बोटं कमी.

शॉकअप बदलले. चाकं अदलाबदल करून पाहिली. दोन बोटं कमी ती कमीच.

बाकी गाडी म्हणजे सोनं होती. शिवराम गाडी नवीनच शिकलेला, पण त्याच्या हातून ती कधी बंद पडली नाही. उलट गिअर टाकायला त्याने हात न्यावा आणि दांडा आधीच तिकडे निघालेला असावा, असं होई. त्याला वाटे, आपला हात बसला. माणसाला स्वतःचं कौतुक करायला निमित्त लागत नाही.

मग एका संध्याकाळी माजिवड्याच्या नाक्यावर हवालदाराने शिट्टी मारली. शिवराम एकटाच होता. हवालदार खाली वाकला आणि त्याच्या पलीकडे बघत म्हणाला,

"ओ, शेजारी बसलेत त्यांना सांगा, हात आत घ्या. मागून ट्रक येतायत. तुटेल हात."

शिवरामने डावीकडे पाहिलं. सीट रिकामी होती. काच खाली होती. ती त्याने खाली केली नव्हती.

हवालदार वाकलेलाच राहिला. मग सावकाश सरळ झाला, आणि शिट्टी तोंडात धरून, न वाजवता, त्याने हातानेच जा म्हणून खूण केली.

त्या दिवशी गाडीत कापराचा वास इतका दाटला होता की शिवरामच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

रविवारी तो दुसरी किल्ली मागायचं निमित्त करून मानपाड्याला गेला. रखमाबाईंना काय विचारणार? विधवा बाईला असलं विचारवत नाही. त्याने रतनला कोपऱ्यावरच्या टपरीवर नेलं, चहा सांगितला आणि बाईंच्या मालकांचा विषय काढला.

"धोंडीबाशेठ?" रतन म्हणाला. "अरे, अख्खी लाइफ ड्रायव्हिंग केलं माणसानं. स्वतःची गाडी दुसऱ्याच्या हातात दिली नाही कधी. त्या दिवशी छातीत कळ आली. डॉक्टर बोलला, ठाण्याला हलवा, लगेच. मी बसलो चालवायला. ते डाव्या सीटवर. पहिल्यांदाच बसलेले तिथे. छातीला तेल चोळलेलं, श्वास लागलेला, तरी मला शिकवतायत... 'क्लच हलका सोड... घाई नको... आता तिसरा टाक...'"

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"मुंब्र्यापासून ट्रकांची लाइन. ते हात बाहेर काढून ट्रकवाल्यांना खुणा करत होते, बाजूला घ्या, बाजूला घ्या... कुणी बघितलं पण नाही. कळव्याच्या पुलावर अडकलो. समोर ठाणं दिसत होतं यार. ते म्हणाले, 'पोचवतो रे, पोचवतो... गाडी बंद करू नकोस.' मी बघितलं तर हात अजून बाहेरच होता. पण हलत नव्हता."

"मग?"

"मग काय. मी गाडी बंद केली."

घरी परतताना शिवराम एकदाही डावीकडे वळून बघू शकला नाही. भीती वाटत होतीच. खोटं कशाला सांगा, स्टिअरिंगवर त्याचे तळवे घामाने निसटत होते. पण भीतीच्या खाली दुसरंच काही हळूहळू शिजत होतं. कळव्याच्या पुलावर ट्रकांच्या रांगेत गाडी थांबली, तेव्हा त्याच्या हाताखाली गिअरचा दांडा थरथरत होता, एखादा माणूस उतावीळ होऊन मांडीवर बोटं वाजवतो तसा. आणि शिवरामला कळून चुकलं की ही गाडी का बंद पडत नाही.

दामाजीने सगळं ऐकून घेतलं. तेव्हाच उठून कोनाड्यातला नारळ काढला.

"आता भरती हाय. चल."

"बा, शिमगा होऊ दे."

"का?"

शिवराम घराच्या आत बघत राहिला. शालन तांदूळ निवडत बसली होती. पोट आता सुपाला लागत होतं.

"तो उतरला आणि गाडी बंद पडली तर?" तो हळू आवाजात म्हणाला. "चालतंय ते उघडू नये, बा. आमच्या कारखान्यातला पहिला नियम आहे तो. बाळंतपण होऊन जाऊ दे. मग मीच घेऊन येतो त्याला खाडीवर. नावानं हाक मारतो."

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. रागावेल असं वाटलं होतं, पण त्याच्या नजरेत राग नव्हता.

"मेलेल्या माणसाला कामाला लावतंस, शिवा," तो एवढंच म्हणाला आणि नारळ परत कोनाड्यात ठेवला. शालनला मात्र कुणी काही सांगितलं नाही. पोटुशी बाईच्या कानावर असलं कशाला घाला, असं बापलेकांनी ठरवलं. आणि चूक झाली ती इथे.

शिमग्याला चार-सहा दिवस होते. आवडाबाई देवापुढे दिवा लावत होती, तोच स्वयंपाकघरात भांडं पडलं. शालन भिंतीला धरून उभी होती.

"अहो..." ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत दोन वर्षांपूर्वीची ती भीती शिवरामला स्पष्ट दिसली.

तो किल्ली घ्यायला आत वळला. अंगणात गाडी चालू झाली होती.

किल्ली अजून खिळ्यालाच होती.

तो थांबला नाही. थांबून चालणारच नव्हतं. आवडाबाईने शालनला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं मांडीवर घेतलं. दामाजी ओट्याच्या खांबाला धरून उभा होता, ओठ हलत होते. शिवरामने क्लच दाबला. गिअर आपोआप पडला.

कापूरबावडीपर्यंत रस्ता मोकळा होता. त्यापुढे ट्रकच ट्रक. घोडबंदरकडून आलेले, भिवंडीकडून आलेले, माजिवड्याच्या नाक्यावर एकमेकांत शिंगं अडकल्यासारखे उभे. धूर, हॉर्न, तिन्हीसांजेचा तो मळकट उजेड. मागून शालनचं कण्हणं. तीच वेळ, तोच रस्ता. त्याला पुन्हा गुलाल दिसायला लागला.

"देवा..." तो पुटपुटला. आणि मग, डावीकडे न बघता, ओठांतल्या ओठांत म्हणाला, "धोंडीबाशेठ... पोचवा हो..."

डाव्या दाराची काच खाली सरकली. हँडल करकरत, सावकाश, कुणी आजारी माणसाने दमाने फिरवावं तसं फिरत होतं. कापराचा वास आला.

पुढच्या ट्रकच्या ड्रायव्हरने आरशात पाहिलं. पुन्हा पाहिलं. त्याचा चेहरा आरशात पांढरा पडलेला शिवरामला दिसला, आणि ट्रक बाजूला सरला. त्याच्या पुढचा सरला. त्याच्याही पुढचा. हॉर्न वाजवायचे थांबले. दोन्ही बाजूंचे ड्रायव्हर खिडक्यांतून गाडीच्या डाव्या अंगाकडे टक लावून बघत होते आणि वाट करून देत होते. एकाने कानाला हात लावलेला शिवरामला दिसला. गर्दीतून एक सरळ वाट उघडली आणि त्या वाटेने करडी फियाट पाण्यातून होडी जावी तशी निघाली.

"हळू... हळू घ्या हो..." मागून शालन म्हणाली.

"हलका सोड..." कुणीतरी म्हणालं. तो आवाज मागून आला नव्हता.

तलावपाळीजवळचं ते प्रसूतिगृह दिसलं तेव्हा दिवे लागले होते. गाडी पायरीशी जाऊन थांबली. शिवरामने ब्रेकवरचा पाय काढायचा प्रयत्न केला, पण सगळं अंग लाकूड झालं होतं. स्टिअरिंग धरून तो नुसता बसून राहिला. पोचलो, पोचलो, एवढंच डोक्यात घुमत होतं.

मागे शालनला कळ आली. आमच्याकडची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, कितीही जिवावर बेतलं तरी. ती जिवाच्या आकांताने ओरडली,

"अहो, उतरा ना! उतरा लवकर!"

शिवरामला भान आलं. त्याने दाराला हात घातला, पण त्याचं दार उघडायच्या आधीच पलीकडचं उघडलं. डावीकडचं. सीटची स्प्रिंग कुंईऽऽ करून वर आली, आणि इतके महिने झुकलेली गाडी हळूच डोलून सरळ झाली.

आया स्ट्रेचर घेऊन पायरीवर उभीच होती. "हेच ना पेशंट?" ती म्हणाली. "तुमचे ते वडीलधारे आत्ताच सांगून वर गेले."

मुलगी झाली. रडली ती अशी, की खाली फाटकापर्यंत ऐकू आलं. शिवराम बाकावर बसून ढसाढसा रडला. त्याला कुणाची लाज वाटली नाही.

मग तो घरी बापाला कळवायला निघाला. किल्ली फिरवली. सेल्फने नुसतं टक केलं. बॅटरी बदलली, मेकॅनिक आणला, ढकलून पाहिली. गाडी शेवटी दोराने बांधून कोलशेतला आणावी लागली. अंगणात ती उभी राहिली, एका रेषेत सरळ, आणि त्यानंतर कधी चालू झाली नाही. आत तेलाचा वासही उरला नव्हता.

"उतरला?" दामाजीने विचारलं.

"उतरला."

"कुनाच्या हाकेवर?"

शिवराम गाडीचा दोर सोडायला वाकला. म्हातारा हळूच खाली बसला.

बारशाचा पाळणा दामाजीने स्वतः केला होता, जुन्या वल्ह्यांच्या लाकडाचा. दोर त्यानेच बांधले. जन्मभर ज्याने जाळी आणि दोर बांधले त्याच्या गाठीत अर्ध्या बोटाचा फरक पडायचा नाही. बारसं झालं, बायका पाळणा म्हणून गेल्या, पोर झोपली. शिवराम कौतुकाने बघायला गेला आणि सवयीने एक डोळा मिटला.

पाळणा डावीकडे झुकला होता.

त्याने दोर मापले. सारखे. पोरीला उचलून खांद्यावर घेतलं. पाळणा रिकामा झाला आणि तरी तसाच राहिला, डावीकडे दोन बोटं खाली. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, म्हणून त्याने हात लावला नाही. पण पाळणा हलत होता. हलका, घाई नसलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरती होती. दामाजीचं म्हणणं एकच, ज्याच्या मागं आला त्यानंच पाठवायचा. शालनने पाण्याकडे तोंड करून नाव घ्यायचं. नवऱ्याचं तर नव्हे, मग घ्यायला हरकत काय? शिवरामने सगळं मनाशी जुळवलं, काय सांगायचं, कसं सांगायचं. कोनाड्यात हात घातला. नारळ नव्हता.

शालन स्वयंपाकघरात खोबरं किसत होती.

"अगं, तो नारळ..."

"फोडला मी," ती म्हणाली. वर न बघता किसत राहिली. "मला काही सांगू नका. मी गाडीतच ऐकलेलं सगळं, 'हलका सोड' म्हणालेलं... आधी वाटलं, तुम्हीच बोलताय." तिने हात थांबवला. "आज सकाळी पोरीला दूध ठसकलं. मी नळावर होते. पाळणा असा जोरात आपटायला लागला भिंतीवर, की मी धावत आले. निळी पडलेली हो ती. अजून जरा उशीर झाला असता, तर..."

शिवरामला बोलायचं होतं. हे बरोबर नाही, हे मापात बसत नाही, यावर फुली मारायला हवी. पण त्याच्या डोळ्यांसमोर कापूरबावडीचा तो रस्ता आला, आणि न रडलेला मुलगा आला. खिशातला खडू त्याने बोटांनी नुसता चाचपला.

शालन उठली. पदराला हात पुसत पाळण्यापाशी गेली, पोरीवरचं दुपटं सारखं केलं, आणि पाळण्याच्या डाव्या कडेकडे न बघता, घरात आलेल्या थोरल्या माणसाशी बोलतात तशा खालच्या आवाजात म्हणाली,

"बसा... बसा तुम्ही. कुठं जायचं नाही."

दुपार शांत होती. बाहेर अंगणात मेलेली गाडी उन्हात तापत होती. पाळण्यातून कुंईऽऽ असा आवाज आला, कुणी पाठ टेकून नीट बसल्यासारखा, आणि पाळण्याची डावी कड आणखी बोटभर खाली गेली.

शिवराम तो आवाज ओळखत होता. पण पाळणा लाकडाचा होता, दोर सुताचे होते. स्प्रिंग त्यात कुठेच नव्हती.